हप्ते थकले तर गाडी कशी उचलतात? देवगडच्या एका गाडीवाल्याला उत्तर

प्रश्न विचारणारा देवगड तालुक्यातला तरुण आहे. पर्यटक फिरवायला त्याने सात सीटची गाडी घेतली. एका खाजगी फायनान्स कंपनीचं ९ लाखांचं कर्ज आहे, साडेदहा टक्क्यांनी, ६० हप्त्यांचं. पहिले १८ हप्ते वेळेवर गेले आणि जून ते सप्टेंबरचे चार थकले. आता वसुलीवाल्याचा रोज फोन येतो, ‘उद्या गाडी उचलतो.’ वडील म्हणतात, गाडी गोव्यात बहिणीकडे नेऊन ठेव. जामीनदार मामा आहेत. त्याला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत: घरासमोरच्या खळ्यातून गाडी नेता येते का, नेली तर ती जाते कुठे, आणि मामांवर काय येईल.

वाहनकर्जाच्या वसुलीत मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पंचवीसहून जास्त वर्षं काढली. गाड्या ताब्यात घेतल्या, यार्डात लावल्या, लिलावात विकल्या. निवृत्तीनंतर कर्जदारांचे कागद बघून देतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमच्या खळ्यात, गेटच्या आत, तुमची संमती नसताना शिरून, कुलूप तोडून किंवा चावी हिसकावून गाडी नेण्याचा अधिकार वसुली एजंटला नाही. रस्त्यावर, पार्किंगमध्ये, एखाद्या बीचसमोर उभी असलेली गाडी कराराप्रमाणे शांतपणे ताब्यात घेता येते, आणि बहुतेक गाड्या अशाच जातात. गोव्याला मात्र गाडी नेऊ नका. का, ते पुढे सांगतो.

तुमच्या आरसी बुकावर मालक म्हणून तुमचं नाव आहे आणि खाली फायनान्स कंपनीचा बोजा नोंदलेला आहे. आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या कागदात याला नजरगहाण म्हणतात. वस्तू तुमच्या ताब्यात, वापर तुमचा, पण तिच्यावर सावकाराची नजर. सोनं गहाण ठेवलं की ते बँकेच्या तिजोरीत जातं, गाडी मात्र तुमच्याकडेच राहते. म्हणून सावकाराला ती परत मिळवण्याची सोय करारात लिहून घ्यावी लागते. गाडी घेताना शोरूममध्ये ज्या वीस-पंचवीस पानांवर तुम्ही सह्या केल्या, त्यात ही अट आहे. जुन्या हायर-परचेस करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकच फायनान्सर असायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मॅग्मा फिनकॉर्पच्या प्रकरणात म्हटलं, की अशा करारात हप्ते थकल्यावर कराराप्रमाणे ताबा घेणं हा गुन्हा होत नाही. म्हणून ‘माझी गाडी चोरली’ अशी फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात गेलात, तर बहुतेक वेळा कागद बघून तुम्हाला परत पाठवतात.

पण ताबा घ्यायचा अधिकार आहे म्हणून दांडगाई करायचा अधिकार मिळत नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावलं, की गुंड पाठवून गाड्या ओढून नेता येणार नाहीत, वसुली कायद्याच्या वाटेनेच व्हायला हवी. त्यानंतर एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम काढले. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दंडेलीने गाड्या नेणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना दंड केला आणि माणसाच्या उपजीविकेचा हक्क असा चिरडता येणार नाही असं म्हटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातल्या हजारीबागजवळ ट्रॅक्टर ओढून नेताना कर्जदाराची गरोदर मुलगी चाकाखाली गेली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पाठवलेली माणसंही कधी कुणाच्या दारात उभी राहिली होती.

फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची जी आचारसंहिता आहे, तिच्यानुसार करारात काही गोष्टी लिहिलेल्या असाव्याच लागतात: ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत देणार नाहीत, ताबा कसा घेणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत देण्याची रीत आणि विक्रीची रीत. तुमचा करार शोधा आणि ही कलमं काढून वाचा. करार तुमच्याकडे नसेल तर आजच मागा, कर्जाच्या कागदांची प्रत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे करार नसतो. असतात फक्त हप्त्याच्या पावत्या आणि शोरूमवाल्याने दिलेली चावीची रिंग.

आता दिवसांचं गणित. हप्त्याची तारीख चुकली की दुसऱ्या दिवसापासून खातं थकीत. पहिले ३० दिवस, मग ६०, मग ९० असे टप्पे बँकेच्या संगणकावर पडत जातात आणि ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे वसुली अडकलेलं अनुत्पादक खातं, होतं. त्या रेषेआधी शाखेतल्या माणसाला तुमच्यासाठी काही करता येतं: हप्त्याची तारीख बदलणं, दोन हप्ते आता आणि दोन तीन महिन्यांत अशी विभागणी, कधी कर्जाची फेररचना. रेषा ओलांडली की फाईल वसुली विभागाकडे जाते आणि निर्णय मुंबई, पुणे, चेन्नई अशा कुठल्याशा ऑफिसात होतात, जिथे देवगड नकाशावरही कुणाला सापडत नाही. तुमचे चार हप्ते म्हणजे रेषा ओलांडली आहे. वेळ गेलेली नाही, पण आता शाखेत जाऊन तोंडी बोलून भागणार नाही.

एक जुना प्रसंग सांगतो. मिरकरवाड्याच्या एका मासळीच्या टेम्पोवाल्याचं खातं माझ्याकडे होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने टेम्पो उभा. तो दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः यायचा आणि सांगायचा, ‘साहेब, दोन महिने येणार नाय, ऑगस्टपासून दोन-दोन भरतो.’ आम्ही त्याचा अर्ज घेऊन वर मंजुरी काढायचो. पाच वर्षांत त्याच्या दारात माणूस पाठवायची वेळ आली नाही. त्याच गल्लीत दुसरा एक होता, त्याची कमाई याच्याहून जास्त. पण तो फोन उचलायचा नाही. त्याचा टेम्पो आम्ही दुसऱ्याच वर्षी उचलला. कोकणातलं उत्पन्न आंब्याचं, मासळीचं, दिवाळी ते मे या पर्यटनाच्या हंगामाचं. बारा सारखे मासिक हप्ते या उत्पन्नाला बसत नाहीत. खरं तर कर्ज घेतानाच हंगामाप्रमाणे हप्ता मागायला हवा होता, काही बँका तो देतात. पुढच्या गाडीला ते लक्षात ठेवा.

कायद्याने ताबा घेण्याचे मार्ग एकाहून जास्त आहेत, आणि तुमच्यावर कोणता लागू होतो हे कर्ज देणाऱ्यावर ठरतं.

बँकांकडे सरफेसी हा २००२चा कायदा आहे, कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायची मुभा देणारा. खातं एनपीए झालं की ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, पंचनामा, विक्रीआधी आणखी ३० दिवसांची नोटीस. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. फायनान्स कंपनीला हा कायदा वापरायचा तर कंपनीची मालमत्ता १०० कोटींची आणि कर्ज निदान २० लाखांचं असावं लागतं. तुमचं ९ लाखांचं आहे, म्हणजे ही वाट त्यांना बंद. त्यांच्याकडे उरतो करार आणि लवाद, म्हणजे वाद कोर्टाबाहेर सोडवायला नेमलेला पंच. लवादाचा किंवा कोर्टाचा अंतरिम आदेश घेऊन ते रिसीव्हर, म्हणजे ताबा घ्यायला नेमलेला माणूस, पाठवू शकतात. कोर्टाचा आदेश घेऊन कुणी आलं तर अडवू नका. आदेश नीट वाचा, फोटो काढा आणि त्याच दिवशी वकिलाला दाखवा. लवाद कंपनीने परस्पर नेमला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या पर्किन्स ईस्टमन निकालाचा आधार घेऊन त्या नेमणुकीवर हरकत घेता येते. ही हरकत पहिल्याच उत्तरात घ्यायची असते.

तिसरी वाट आपल्या कोकणात फार चालते ती पतसंस्थेची. रिक्षा, छोटा टेम्पो, जुनी चारचाकी यांची निम्मी कर्जं माझ्या माहितीत पतसंस्थांची आणि नागरी बँकांची. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १०१ आहे. संस्था तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे अर्ज करते, तुम्हाला आणि जामीनदारांना नोटीस येते, सुनावणी होते आणि संस्थेला वसुली दाखला मिळतो. मग कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्ती करतो. खरी जप्ती ही. एजंट करतो तो फक्त ताबा, लोक दोन्हीला जप्तीच म्हणतात. कलम १०१च्या नोटिशीला ‘बघू पुढे’ म्हणून न जाणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक. एकदा दाखला निघाला की फेरतपासणीसाठी, म्हणजे त्याविरुद्ध वर दाद मागायला, आधी थकबाकीच्या निम्मी रक्कम भरावी लागते. त्याउलट पहिल्या सुनावणीत व्याजाचा हिशोब तपासायला मागितला, तर आकडा खाली आलेला मी स्वतः पाहिला आहे. पतसंस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे चालत नाही, ती सहकार खात्याकडेच करायची.

नोटिशीवरून आठवलं. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांच्या कागदावर नालासोपारा, दिवा, परळ असे पत्ते असतात, कारण कर्ज घेताना पगाराची स्लिप मुंबईच्या भावाची किंवा गाडी चाकरमान्याच्या नावावर. नोटीस तिथे जाते, ‘दरवाजा बंद’ शेरा मारून परत येते, आणि कायद्याच्या नजरेत ती पोचलेली मानली जाते. इकडे गावात गाडी उचलली की माणूस शपथेवर सांगतो की मला कागदच आला नाही. दोघंही खरं बोलत असतात. तुमचा पत्ता बदलला असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि पोचपावती ठेवा.

आता तो दिवस कसा असतो ते सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. थकीत गाड्यांचे नंबर एजंटांच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये असतात. टोलनाका, पेट्रोल पंप, रेल्वे स्टेशनचं पार्किंग, गणपतीपुळ्याची गर्दी, कुठेही एक पोरगा नंबर टाकून बघतो आणि तासाभरात दोन-तीन माणसं येतात. म्हणून म्हटलं, गोव्याला नेऊन उपयोग नाही. पर्यटनाची गाडी गोव्यात जितक्या लवकर दिसते तितकी देवगडात दिसणार नाही. वर, गहाण गाडी मुद्दाम लपवली म्हणून फसवणुकीची तक्रार करायला कंपनीला आयतं कारण मिळतं. आज तुम्ही हप्ते चुकलेले कर्जदार आहात. गाडी लपवली की तुमची बाजू कोर्टात सांगणं वकिलालाही जड जाईल.

माणसं आली तर गाडीच्या काचा खाली न करता, आवाज न चढवता तीन कागद मागा: कंपनीचं अधिकारपत्र ज्यात तुमच्या गाडीचा नंबर आहे, एजंटचं ओळखपत्र, आणि ताब्याची नोटीस. वसुली एजंटांना इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचं प्रशिक्षण प्रमाणपत्र लागतं, तेही विचारा. गाडीत पर्यटक बसलेले असतील तर त्यांना मुक्कामाला सोडल्याशिवाय थांबणार नाही असं सांगा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात गाडी घेऊन जा. अडवलं, चावी ओढली, हात लावला तर ११२ लावा. मोबाईलवर चित्रण चालू ठेवा, लपून नाही, समोर धरून. पोलिसांनी शांतता राखायची असते. कोर्टाचा आदेश नसताना त्यांनी गाडी काढून एजंटच्या हाती देणं हे त्यांचं काम नव्हे.

फोनबद्दलही नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, शिव्या, नातेवाइकांना फोन करून लाज काढणं यालाही मनाई आहे. ‘उद्या उचलतो’ म्हणणाऱ्याचं नाव, नंबर, वेळ वहीत लिहा. अशी वही मी ग्राहक आयोगात पुरावा म्हणून चाललेली पाहिली आहे.

गाडी द्यायचीच ठरली, किंवा ती रस्त्यावरून निघालीच, तर यादीशिवाय सोडू नका. किलोमीटरचा आकडा, चार टायर आणि स्टेपनी, बॅटरी, म्युझिक सिस्टिम, कॅरियर, जॅक-पान्हा, डिझेलचा काटा, आधीचे ओरखडे, सगळं लिहा, दोघांच्या सह्या घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. आपलं सामान आणि कागद काढून घ्या. डॅशबोर्डवरचा गणपती राहिला म्हणून यार्डात रडलेली माणसं मला माहीत आहेत. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर गाडी यार्डात जाताना टोल तुमच्या खात्यातून कापला जातो. कोऱ्या कागदावर किंवा ‘मी स्वखुशीने गाडी देत आहे’ अशा छापील कागदावर, रक्कम आणि अटी न वाचता सही करू नका. स्वखुशीने दिली असं एकदा लिहिलंत की जबरदस्ती झाली हे नंतर सिद्ध होत नाही.

गाडी अचानक जागेवर नाही असं झालं तर आधी जवळच्या ठाण्यात विचारा. कंपन्या ताबा घेण्याआधी आणि घेतल्यावर पोलिसांना पत्र देतात, ते तिथे असतं. ते नसेल तर चोरीची फिर्याद द्या. गाडी कंपनीने नेली हे माहीत असून विमा मिळावा म्हणून चोरी दाखवणं, हा सल्ला नाक्यावर हमखास मिळतो. तो माणसाला तुरुंगात नेतो.

यार्ड म्हणजे हायवेलगत तारेचं कुंपण घातलेली जागा. पावसाळ्यात कोकणातल्या उघड्या यार्डात चार महिने उभी राहिलेली गाडी ओळखू येत नाही. सीटला बुरशी, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, ब्रेक धरलेले. दिवसाचं भाडं मात्र तुमच्या खात्यावर चढत असतं. म्हणून यार्डात गेल्यावर पहिल्या आठवड्यात पत्र द्या: एकूण येणं किती, त्यात मुद्दल, व्याज, दंड, ओढून नेण्याचा खर्च, यार्डभाडं वेगवेगळं किती, आणि थकीत हप्ते व खर्च भरून गाडी परत मिळेल का. बहुतेकदा कंपनी पूर्ण कर्जच एकदम मागते. पण त्यांनाही यार्डातली गाडी विकण्यापेक्षा चालू खातं परवडतं, म्हणून फक्त थकबाकीवर गाडी सोडवून घेतलेली उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत. हिशोबात दंडावर व्याज लावलंय का बघा. रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंद केलं आहे. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना आणि जूनअखेरपासून जुन्यांनाही फक्त दंड आकारता येतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज काढता येत नाही.

लिलावाचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडतो. ९ लाख, साडेदहा टक्के, ६० महिने, म्हणजे हप्ता साधारण १९,३४५ रुपये. १८ हप्त्यांनंतर मुद्दल ६ लाख ७७ हजारांच्या आसपास उरतं, चार महिन्यांचं व्याज धरून ७ लाख १ हजार. समजा दंडाचे १२ हजार झाले, आणि गाडी तुम्ही स्वतः गिऱ्हाईक बघून सव्वासहा लाखांना विकली, तर खिशातून ८८ हजार घालून कर्ज संपतं. तीच गाडी कंपनीने उचलली, दंड, ओढाई, यार्ड, लिलावाचा खर्च मिळून ३५ हजार चढले आणि ती ५ लाख १० हजारांना गेली, तर २ लाख २६ हजार तुमच्या डोक्यावर राहतात, गाडी नसताना. लिलावात व्यापारी येतात, त्यांना पुढे विकून नफा काढायचा असतो, म्हणून भाव पडतो. विक्रीआधी नोटीस मिळाली नाही, मूल्यांकन दाखवलं नाही, तर या उरलेल्या रकमेला हरकत घेता येते. विक्रीतून जास्त आले तर वरचे पैसे तुमचे. ते आपोआप क्वचितच येतात, मागावे लागतात.

स्वतः विकायची असेल तर रीत अशी. कंपनीकडून कर्जबंदीच्या रकमेचं पत्र घ्या, गिऱ्हाइकाने पैसे थेट कर्जखात्यात भरावेत, मग कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवा आणि फॉर्म २९, ३० भरून नाव बदला. ‘गाडी तू घे, पुढचे हप्ते तू भर’ असं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देऊ नका. कणकवली-कुडाळ पट्ट्यात हा प्रकार इतका चालतो की लोकांना तो कायदेशीरच वाटतो. त्या माणसाने हप्ते भरले नाहीत तर कर्ज तुमच्याच नावावर थकतं. त्याहून वाईट, त्याने अपघात केला तर नुकसानभरपाईत नोंदणीकृत मालक म्हणून तुम्हीच उभे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात हेच सांगितलं आहे.

ताब्यात गेलेल्या गाडीच्या आरसीवरही बरेच दिवस तुमचंच नाव असतं. तुम्ही आरसी देत नसाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली कंपनी आरटीओकडे आपल्या नावाने नवी आरसी मागते, आणि त्याआधी आरटीओ तुमचं म्हणणं मागवतं. ते पत्र आलं की उत्तर द्या. आणि ताब्याच्या कागदावर तारीखच नाही तर वेळही लिहून घ्या, म्हणजे त्यानंतर ती गाडी कुठे ठोकली तर ती कोणाच्या हातात होती हे दाखवता येईल.

चिपळूणकरांसाठी थोडं वेगळं लिहितो, कारण अजून विचारणारे येतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात शेकडो गाड्या बुडाल्या. गाडी पूर्ण बाद झाली की विम्याचे पैसे आधी कर्जखात्यात जातात, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव असतं. मध्ये सर्व्हे, कागद, वाद यात महिने गेले आणि लोकांनी ‘गाडीच नाही तर हप्ता कशाचा’ म्हणून भरणं थांबवलं. हप्ता गाडीचा नसतो, कर्जाचा असतो. दावा लांबला तर तसं लेखी कळवून मुदत मागायची. ज्यांनी ती मागितली, त्यांची खाती वाचली.

मामांबद्दल. जामीनदार हा कायद्याने कर्जदाराइतकाच जबाबदार, भारतीय करार कायद्याचं कलम १२८. कंपनीने आधी तुमच्याकडून वसूल करावं मग मामांकडे जावं, असं बंधन नाही. लिलावानंतरची तूट त्यांच्याकडून मागता येते, त्यांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही, हे कर्ज दिसतं. म्हणून आज संध्याकाळी मामांकडे जा आणि सगळं सांगा, एजंटच्या फोनवरून त्यांना कळण्याआधी. मी वसुलीत असताना जामीनदाराला पहिला फोन गेला की घराघरातली बोलणी तुटलेली पाहिली आहेत. हप्ता खात्यातून आपोआप कापायचा जो आदेश तुम्ही बँकेला दिलाय, त्याला खात्यात पैसे नसले की चेक न वटण्यासारखाच फौजदारी खटला २००७च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली होऊ शकतो. तशी मागणी-नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस असतात, ते घालवू नका.

तक्रार कुठे करायची? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट, ऑनलाइन. माहितीला १४४४८ हा नंबर आहे. जबरदस्ती किंवा नोटिशीशिवाय विक्री झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तुमचा सिंधुदुर्गनगरीला. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच धरला जातो. दोन वर्षांच्या आत जा. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे. राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, तडजोडीची सूट तिथे हातोहात मिळते. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून झेपेल तोच आकडा कबूल करा.

तुम्ही आज काय करायचं ते सांगतो. ऑक्टोबर आहे, दिवाळीची बुकिंगं सुरू झाली असतील. कंपनीच्या शाखेला आणि मुख्य कार्यालयाला एकच पत्र लिहा: कर्जखाते क्रमांक, चार हप्ते थकल्याची कबुली, पावसाळ्यात पर्यटन बंद असल्याचं कारण, या आठवड्यात एक हप्ता भरतो, चालू हप्ता दरमहा भरत राहीन, उरलेले तीन नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीत एकेक करून भरतो. सोबत बुकिंगच्या नोंदींचे फोटो जोडा. करारातल्या नोटिशीच्या कलमाप्रमाणे वागावं आणि खात्याचा पूर्ण उतारा द्यावा अशी मागणी करा. ईमेलही करा आणि देवगडच्या पोस्टातून स्पीड पोस्टही करा. पहिला हप्ता पत्राबरोबरच भरा, एजंटच्या हातात रोख न देता थेट खात्यात. नुसत्या पत्राकडे वसुली विभाग बघत नाही, पत्राच्या मागे पैसे दिसले की फाईल वेगळ्या गठ्ठ्यात जाते. आमच्याकडे तरी तसंच व्हायचं. उतारा हातात आला की घेऊन या, दंडाच्या आकड्यांवर आपण दोघं मिळून बसू.